दोऱ्याचं दुसरं टोक

भुतं रात्री येतात असं म्हणणाऱ्यांनी भिवंडीतला शुक्रवार पाहिलेला नाही. आठवड्यातले सहा दिवस आमच्या गल्लीत मागांचा असा खडखडाट असतो की शेजारणीशी भांडायचं तरी हातवारे करून भांडावं लागतं. त्यात मेलेल्यांचा आवाज कुठून ऐकू यायचा? शुक्रवारी लूम बंद. कारागीर कपडे धुतात, नमाजाला जातात, गावी फोन लावतात. आणि भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, त्या शांततेत मला एक माग ऐकू येतो. एकच. आमच्या शेडमधला.

आमच्या शेडमध्ये आता माग नाही. दोन होते, ते भंगारात गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांचे पायाचे बोल्ट तेवढे फरशीतून बोटभर वर राहिलेत. कापू कापू म्हणता राहिले. मला ते डोळे मिटूनही सापडतात, पाहुण्यांना ठेच लागल्यावर सापडतात. त्या शेडमध्ये माझी नात फॅब्रिकेशनचं काम करते. गोडाऊनवाल्यांचे रॅक, शिड्या, ढकलगाड्या. पोरगी असून वेल्डिंग करते म्हणून गल्लीतल्या बायका आधी नाकं मुरडायच्या. आता त्यांच्याच खिडक्यांच्या जाळ्या ती करून देते.

तर या शेडमध्ये मागच्या वर्षी बर्फावरची स्कूटर आली.

बर्फ मी पाहिलाय तो मासळीबाजारातला. त्यावर गाडी चालवायची म्हणजे पापलेटावरून चालवायची का, असं मी विचारलं तेव्हा नातीनं कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. वर डोंगरात एक गाव आहे, थंडीत चार महिने त्याचा रस्ता बंद असतो. तिथली नर्स या गाडीवरून घरोघर जाते, अडलेल्या बाईला मागे बसवून खाली दवाखान्यात आणते. गाडी खडकावर आपटली, पत्रा फाटला. नातीचे मोबाइलवरचे कामाचे व्हिडिओ तिथल्या कुणीतरी पाहिले आणि परतीच्या ट्रकमध्ये टाकून गाडी पाठवून दिली.

"पन भिवंडीत कशाला?" मी म्हटलं.

"आजी, भिवंडीत काय होत न्हाय ते सांग."

गाडीला पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, रणगाड्याला असतो तसा. त्या पट्ट्यावर अल्युमिनियमची लांब पन्हळ पालथी घातलेली. तिला टनेल म्हणायचं. वर सीट, खाली पट्टा फिरणार. पट्ट्याला आतून पेलणारी स्प्रिंगांची चौकट, म्हणजे सस्पेन्शन, ती या टनेलला चार बोल्टांनी टांगलेली. दोन पुढे, दोन मागे. नर्सला मागे माणूस बसवायचा म्हणून नातीनं नवं टनेल हातभर लांब केलं होतं, आणि तिथेच घोळ झाला. पत्रा बाहेरच्या प्रेसवर वाकवून आणलेला. त्याची एक भिंत जराशी कललेली, मागची कड तिरकी. नातीनं त्या तिरक्या कडेवरून मापं घेऊन भोकं पाडली. गाडी घोडीवर चढवून पट्टा फिरवला तर तो उजवीकडे सरकून भिंतीला घासायला लागला. घस्, घस्, घस्. खाली काळा चुरा.

नर्सचा फोन आला तो नातीनं स्पीकरवर घेतला होता. तिकडे वारा एवढा की शब्द उडून जात होते. "दीदी," ती म्हणाली, "ठीक से बनाना हां. पट्टा बीच में उतर गया तो ऊपर कोई आता नहीं उठाने."

ट्रक शनिवारी सकाळी निघणार होता. तो शुक्रवार होता.

शुक्रवारी माझे धाकटे दीर खारबावहून जेवायला येतात. माझ्यापेक्षा वर्षानं लहान, म्हणजे आता दोघंही सत्तरीला टेकलेली. त्यांना डावा डोळा नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच शेडमध्ये गेला. जेवून ते स्टुलावर बसले होते, बशीत चहा घेऊन, आणि नातीला सल्ले देत होते. सल्ले लांबून. कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"हात लावा ना छोटे आजोबा, एवढी पकड द्या."

"नको बाय. माझा हात वाईट हाय."

हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतेय. दर वेळी मला वाटतं, शेडमधून कुणीतरी माझ्याकडे बघितलं.

नातीनं घाम पुसला. म्हणाली, "भोकं कानशीनं लांबवते, वायसर टाकते, बोल्ट ओढून घेते. बसेल."

आणि मी, नको तिथं तोंड घालायची जन्माची सवय, म्हणाले, "कडेवर विश्वास ठेवू नकोस. तुझे आजोबा माग बसवताना भिंत बघायचे न्हाय, जमीन बघायचे न्हाय. फिरतो तो दांडा खरा मानायचा आन तिथून दोरा ताणायचा."

नात माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पट्टा फिरवणारा पुढचा दांडा पुसला, त्याचा बरोबर मध्य काढला, गुण्या लावून काटकोनात दोरा धरला. चौकटीच्या मागच्या आडव्या नळीच्या मध्यावर खडूची बारीक खूण केली. दोरा त्या खुणेला टेकला तर चौकट सरळ. नाही टेकला तर भोकं खोटी.

"आजी, दुसरं टोक धर. खुणेला लागला की सांग."

पन्नास वर्षांनी माझ्या हातात पुन्हा दोऱ्याचं टोक आलं.

आता त्या पोरीबद्दल सांगते. ती पोरगी म्हणजे मीच, पण मी तिला पोरगी म्हणते, कारण ‘मी’ म्हटलं की रागवायला अवघड जातं. एकोणीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेली. तिची अशी समजूत होती की आपल्यासारखी नजर अख्ख्या तालुक्यात कुणाची नाही. लांब हात करून सुईत दोरा ओवायची आणि आजूबाजूला बघायची, कुणी बघितलं का. नवरा जॉबर होता, म्हणजे माग बसवणारा, दुरुस्त करणारा. त्यानं घरच्या शेडमध्ये दोन जुने माग आणून टाकले आणि बायकोला हाताखाली घेतलं. तर ही शेजारपाजारी सांगत सुटली, "आमचे हे माझ्याबिगर माग बसवतच न्हाय." टोक धरायची फक्त. खिळ्याचं काम.

आडवा दोरा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो, फणीला पाठ घासत धावतो आणि समोरच्या पेटीत शिरतो. लाकडाचा असतो, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुचीदार टोप्या. पेटीची पाठ आणि फणी एका रेषेत नसतील तर तो पेटीत शिरत नाही, बाहेर उडतो. म्हणून या पेटीपासून त्या पेटीपर्यंत दोरा ताणायचा आणि तो फणीला सगळीकडे टेकतो का बघायचं. हे एका बाजूला वाकून, मी दुसऱ्या बाजूला.

"लागला का?"

त्या दिवशी वज्रेश्वरीची जत्रा होती. गल्लीतल्या बायका एसटीनं निघाल्या होत्या. त्या पोरीनं अबोली रंगाची नवी साडी नेसली होती आणि तिला तेलकट पेटीजवळ वाकायचं नव्हतं. दोरा आणि फणी यांच्यात फट होती. आगपेटीची काडी जाईल एवढी. तिनं पाहिली. नजर चांगली होती ना.

"लागला का गो?"

"लागला."

जत्रेत जाऊन तिनं काय दिवे लावले? बांगड्या भरल्या, दोन ग्लास उसाचा रस प्यायली आणि परतीच्या एसटीत खिडकीतून ओकली. आज ती मला भेटली तर आधी कान पिळीन. मग साडी मागून घेईन, साडी खरंच चांगली होती.

दोन दिवसांनी दीर त्या मागावर होते. धोट्यातली दोऱ्याची कांडी संपली की धोटा काढायचा, नवी कांडी टक् करून बसवायची, माग चालू. अठरा वर्षांचा पोरगा, पण म्हातारे कारागीर त्याचा हात बघायला थांबायचे. मी चुलीपाशी होते. माग अचानक थांबला आणि शेजारच्या शेडमधला कुणीतरी ओरडला.

"लागला! लागला! धोटा लागला!"

तोच शब्द. परवा मी तो फुकट वापरला होता.

मुंबईच्या इस्पितळात डोळा काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी हे दिरांना घेऊन घरी आले, कुणाशी न बोलता शेडमध्ये गेले. मी दारात उभी होते. यांनी दोऱ्याचं एक टोक नेहमीसारखं बांधलं. दुसरं टोक धरायला मला बोलावलं नाही. खिळा ठोकला आणि त्याला बांधलं. मग वाकून बघत राहिले. खिशातून आगपेटी काढली, एक काडी घेऊन दोरा आणि फणीच्या मध्ये सरकवली. काडी अडकून उभी राहिली. यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तीच काडी काढून ओढली, बिडी पेटवली, पाना घेतला आणि पेटी सरळ केली.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "कसा काय उडला धोटा?"

"कांडी सैल बसवली व्हती यानं," हे म्हणाले.

खाटेवरून, पट्टीखालून, दीर म्हणाले, "मी घट्ट बसवलीवती भाऊ."

"सैल व्हती."

मला वाचवलं. आठ महिन्यांची सून, सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माहेरी धाडली असती. मोठ्या भावाचा शब्द म्हणून दिरांनी मान्य केलं की आपला हात वाईट. माग सोडला. गोडाऊनच्या गेटवर बसायला लागले. एवढंच असतं तरी मी कदाचित झोपू शकले असते. पण त्यांनी लहान लेकरू कधी हातात घेतलं नाही. स्वतःची पोरंसुद्धा बायकोच्या मांडीवरच बघितली. याच नातीच्या बारशाला मी म्हटलं, घ्या की भावजी. तर हात पाठीमागे बांधून म्हणाले, "पाडीन वैनी. तू घे."

मी घेतली. आणि यांनी मान खाली घातली. त्यानंतर हे वर्षानुवर्षं माग बसवत राहिले, भिवंडीभर. दुसरं टोक धरायला मला पुन्हा कधी हाक मारली नाही. खिशात खिळा असायचा. अकरा वर्षांपूर्वी गेले तेव्हाही सदऱ्याच्या खिशात एक खिळा निघाला.

"आजी, झोप लागली का? लागला का सांग ना."

मी वाकले. चष्मा वर केला, खाली केला. दोरा खडूच्या खुणेपासून बाजूला होता. फार नाही. आगपेटीची काडी जाईल एवढा.

"न्हाय."

"किती?"

"काडीएवढा."

"काडीएवढ्यानं काय होतंय? मी वायसर टाकते. तू लागला म्हण, मी बोल्ट आवळून टाकते. उद्या गाडी जायचीय."

शेडमध्ये इतकं शांत होतं की दिरांच्या बशीचा आवाज आला. आणि मी सांगते, तो माग त्या वेळी चालू नव्हता. दर शुक्रवारी ऐकू येणारा तो एकटा माग थांबला होता, कुणीतरी हात ठेवून थांबवल्यासारखा. पायाच्या बोल्टांपाशी, जिथे हे बसायचे, तिथे मला बघवेना.

"काडीएवढ्यानं," मी म्हटलं, "तुझ्या छोट्या आजोबांचा डोळा गेला."

नात हसली. तिला वाटलं, म्हातारीची काहीतरी मस्करी. माझ्या मस्कऱ्या फार. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं पाना खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. म्हणजे, माझं सगळं. जत्रा, साडी, फट, लागला म्हटलेलं. दिरांकडे न बघता, दोऱ्याकडे बघत.

दिरांनी बशी जमिनीवर ठेवली आणि आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला.

"मी कांडी घट्ट बसवलीवती," ते म्हणाले. "टक् आवाज आलता. मना आज बी ऐकू येतो."

"हो."

"मी तवाच बोल्लो व्हतो."

"हो भावजी."

"तू जत्रेतून मना काय आनलंवतंस, आठवतं?"

मला आठवेना.

"शिट्टी," ते म्हणाले. "अठरा वर्साच्या बाप्याला शिट्टी. दवाखान्यात बी खिशात व्हती." आणि ते हसायला लागले. हसता हसता चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, आणि नसलेल्यातूनही आलं. मला वाटलं आता ते काहीतरी फेकतील माझ्या अंगावर. पाना हाताशीच होता. त्यांनी फेकलं नाही. फक्त विचारलं,

"भाऊला म्हायत व्हता?"

हा प्रश्न येईल हे मला कळायला हवं होतं. पन्नास वर्षं जी गोष्ट मी मनात घोकत होते तिच्यात हा प्रश्नच नव्हता. बघा, एवढी माझी नजर.

बोल्टांकडे बघायचं नाही म्हणता मी बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तिथे हे होते. पेटलेली काडी बोटांत धरून, आता ही काय सांगते म्हणून. यांनी मला वाचवायला धाकट्या भावाचा हात दिला होता. मी आता खरं बोलले तर दिरांना हात परत मिळणार होता आणि भाऊ जाणार होता. तो जाऊनसुद्धा एवढी वर्षं त्यांनी त्याला जपला होता. मोबाइलच्या मागे त्याचाच फोटो आहे.

"न्हाय," मी म्हटलं. "त्यांना कसं म्हायत असंल? मी सांगितलंच न्हाय कधी."

दिरांनी मोठा श्वास सोडला. "मना वाटलंच. भाऊला म्हायत असतं तर त्यानं मना सांगितलं असतं."

पुढचं काम नातीनं केलं. जुनी भोकं सोडून दिली, भिंतींवर जाड पट्ट्या चढवल्या आणि दांड्यापासून आडवी आणि तिरकी मापं घेऊन नवी खूण केली. नवी भोकं कडेशी तिरकी दिसत होती. बघणाऱ्याला वाटावं, प्यायलेल्या माणसानं पाडली. "दिसू देत वाकडी," नात म्हणाली, "पट्टा कड बघून धावत न्हाय."

ड्रिल थांबल्यावर तिनं पुन्हा दोरा ताणला. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू नको. छोटे आजोबा, तुम्ही धरा."

दीर उठले. हात पाठीमागे गेले, सवयीनं. मग पुढे आले. दोरा धरून ते वाकले.

"सुतार रेघ बघताना एक डोळा मिटतो," ते म्हणाले. "माझा मिटलेलाच हाय." आणि थोड्या वेळानं, "लागला."

नातीनं स्वतः वाकून खात्री केली. हे मला आवडलं.

दीर चहाच्या बशा धुवायला मागे गेले तेव्हा ती माझ्याजवळ आली, बोल्ट आवळता आवळता हळूच म्हणाली, "आजी, आजोबा जॉबर होते ना? एवढा अपघात झाल्यावर त्यांनी दोरा लावून बघितला नसेल, हे मला पटत न्हाय. मी पहिलं तेच केलं असतं."

"बोल्टाकडं लक्ष दे," मी म्हटलं.

तिनं लक्ष दिलं. पुन्हा विचारलं नाही. पण कधी कधी जेवताना माझ्याकडे बघते. अगदी तेवढाच वेळ, जेवढा हे त्या दिवशी दोऱ्यापाशी बघत होते.

गाडी शनिवारी गेली. थंडीत नात स्वतः तिकडे जाऊन आली. पहिली फेरी तिनंच मारली, तिचा व्हिडिओ पाठवला. सगळं पांढरं, मीठ पसरल्यासारखं, आणि त्यात पट्ट्याची एक सरळ रेघ. नर्स मागे बसून ओरडत होती, "अरे धीरे चला, मैं पेशंट नहीं हूं!" मी तो व्हिडिओ गल्लीत सगळ्यांना दाखवला आणि दोरा कुणी सुचवला तेही सांगितलं. सवय जात नाही.

दीर आता हातात लेकरं घेतात. पणतू झालाय त्यांना, तो खाली उतरतच नाही. आणि माझी गोष्ट ते सगळ्यांना सांगतात. गोडाऊनच्या गेटवर, लग्नात, मयताला. अगदी रंगवून. साडीचा रंग सांगतात, ओकले तेही सांगतात, मी त्यांना सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच सांगतात. लोक हसतात, माझ्याकडे बघून म्हणतात, "काय वैनी, भारी होता की तुम्ही!" मी पदर तोंडाला लावून लाजते. हे माझं हक्काचं आहे, मी घेते.

शेवटी मात्र दीर आवाज खाली आणतात. दर वेळी. चांगला डोळा पुसतात आणि म्हणतात, "भाऊ बिचारा गेला. त्याला शेवटपर्यंत काय कळलं न्हाय."

मग सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवते.